जुन्या टाकीतला समुद्र

दिवाळीच्या तोंडावर घरं आवरायला निघाली की माळ्यावरून, गॅलरीतून, जिन्याखालून काचेच्या टाक्या बाहेर येतात. काही भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात, काही फोनवरच्या जाहिरातीतून दुसऱ्या घरी पोचतात, आणि काही मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला शोभेच्या माशांच्या दुकानांपुढे उभ्या राहतात. त्यांतली समुद्री टाकी चटकन ओळखू येते. वरच्या काठावर मिठाचा पांढरा, खरखरीत थर असतो. मागच्या काचेला जांभळट-गुलाबी कवच घट्ट चिकटलेलं असतं. तळाच्या कोपऱ्यात बोटभर वाळू सुकून दगड झालेली असते. माप फुटांत सांगितलं जातं: चार बाय दीड बाय दीड. सोबत लोखंडी स्टँड, खाली ठेवायची सम्पची टाकी, फेसातून घाण काढणारा एखादा स्किमर, पाणी फिरवणारे दोन पॉवरहेड आणि पोतंभर ‘रॉक’. भाव नव्या सामानाच्या मानाने बराच कमी. विकणारा सांगतो, ‘साहेब, नुसती धुऊन घ्या, नवीच आहे.’

वापरलेल्या वस्तू पुन्हा वापरणं हा या अंकाचा विषय. जुनं कपाट, जुनी सायकल, जुनी पुस्तकं यांच्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण पुनर्वापराची खरी परीक्षा पाहणारी वस्तू शोधायची तर ती अशी समुद्री टाकी आहे. जुन्या कपाटात आधीच्या मालकाने काय ठेवलं होतं, याने आपल्या कपड्यांना काही होत नाही. टाकीचं तसं नाही. तिच्यात कोणतं औषध पडलं, कोणता रोग येऊन गेला, ती किती दिवस उन्हात पडून होती, यांतली प्रत्येक गोष्ट पुढे येणाऱ्या जिवांपर्यंत पोचू शकते. माझं म्हणणं असं की जुनी टाकी घेणं शहाणपणाचं आहे, पण तिच्यात वाचलेले पैसे वेळेच्या रूपाने चुकते करावे लागतात. ज्याला हा वेळ द्यायचा नाही, त्याच्यासाठी ती फुकट मिळाली तरी महाग आहे. कारण मग ती किंमत मासे भरतात.

हौसेची किंमत कोण भरतं

घरात पाण्यातले जीव पाळण्याची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर पाणी दीर्घकाळ चांगलं राहतं, हे दाखवून दिलं. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं ‘द अक्वेरियम’ प्रसिद्ध झालं आणि मध्यमवर्गीय घरांत समुद्री टाक्यांची लाट आली. त्या लाटेत लोकांनी किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी अक्षरशः उपसली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 सालच्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात, वडिलांच्या लेखनाने ज्या किनाऱ्यांची गोडी लावली तेच किनारे कसे उजाड झाले, याची खंत नोंदवली आहे. म्हणजे या हौसेच्या पहिल्या पिढीतच तिचा खर्च निसर्गाच्या खात्यावर पडला होता.

तो हिशेब अजून मिटलेला नाही. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश बहुतेक शेततळ्यांत आणि टाक्यांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांच्या बाबतीत उलटं चित्र आहे. दुकानातल्या बहुतांश जाती आजही प्रवाळभिंतींवरून पकडून आणल्या जातात. फिलिपाइन्समध्ये 1960च्या दशकापासून मासे गुंगवण्यासाठी सायनाइड वापरलं गेलं, आणि त्याने माशांबरोबर प्रवाळही मेली. इंडोनेशियातला बांगाई कार्डिनल हा सुंदर ठिपक्यांचा मासा या व्यापारासाठी इतका पकडला गेला की 2007 साली तो धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. चांगली बातमीही आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास यशस्वी केली आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची हॅचरी आहे. तरीही आज कुणी निळा टँग किंवा पिवळा बटरफ्लाय घेतला, तर तो बहुधा समुद्रातून उचललेलाच असतो. टाकी नीट साफ न केल्यामुळे आठवड्यात मेलेला मासा म्हणूनच केवळ मालकाच्या खिशाचा तोटा ठरत नाही. साफसफाईकडे घरकामातलं एक काम म्हणून न पाहता माशाच्या निगेची पहिली पायरी म्हणून पाहिलं पाहिजे, ते यासाठी.

काचेवर काय काय उरतं

सुकलेल्या टाकीत तीन प्रकारच्या गोष्टी मागे राहतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा असतो. हे न ओळखता एकाच बाटलीने सगळं साफ करायला जाणं, ही सर्वांत जास्त होणारी गफलत. पहिली गोष्ट खनिजांची. काठावरचा पांढरा थर मिठाचा. तो साध्या पाण्यात विरघळतो. काचेवरचं गुलाबी-जांभळं कवच मात्र कोरलाइन शेवाळाने रचलेलं कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच. बारीक नळीकृमींच्या पांढऱ्या नळ्या, पंपाच्या पंख्यावर बसलेला टणक थर, हेही त्याच जातीचं. पाण्याने ते हलत नाही, कोरडं घासलं तर काचेवर ओरखडे उठतात. आम्लात मात्र ते विरघळतं.

दुसरी गोष्ट सजीवांची. समुद्री माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरियन या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा जीव काही दिवस माशाच्या अंगावर जगतो, मग गळून तळाशी पडतो, खडकावर-काचेवर कवचबंद होऊन फुटत राहतो आणि त्यातून शेकडो नवे जीव मासा शोधत बाहेर पडतात. कवचातला मुक्काम काही दिवसांचा असतो, तसा तो कित्येक आठवड्यांचाही असू शकतो. ओलसर वाळू, सम्पच्या तळाचं चार बोटं पाणी, पाइपच्या वळणात अडकलेला गाळ एवढा आसरा त्याला पुरतो. पूर्ण वाळवणीत तो टिकत नाही. याच वर्गात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू येतो. 1926 साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या समुद्री माशांमध्ये तो प्रथम सापडला. माणसाच्या हाताला खरचटलेलं असेल तर तिथून शिरून तो महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी उठवतो. म्हणून जुनी टाकी उघड्या हातांनी साफ करू नये. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालणं हा नियमच समजावा.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे रसायनं: आधीच्या मालकाने घातलेली औषधं, कधीतरी वापरलेला साबण, काच पुसायला मारलेला स्प्रे, आणि या सगळ्यांत त्रासदायक असं तांबं. तांब्याचा विषय मोठा आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

व्हिनेगर, ब्लेड आणि सावकाशपणा

खनिजांसाठी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर पुरतं. त्यात चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असतं. पद्धत अशी. टाकी जमिनीवर थर्मोकोलच्या जाड शीटवर आडवी करायची, म्हणजे साफ करायची काच तळाशी येते. तिच्यावर टिश्यू पेपर किंवा जुनी सुती फडकी पसरायची, व्हिनेगरने ओलीचिंब करायची आणि वर प्लास्टिक झाकायचं, कारण आम्ल उडून गेलं तर काम थांबतं. थोड्याच वेळात फडक्याखालून बारीक बुडबुडे यायला लागतात. कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना निघणारा तो कार्बन डायऑक्साइड असतो. बुडबुडे थांबले की एकतर थर संपला किंवा आम्ल संपलं. फडकं उचलून पाहिलं की कळतं. तासाभराने गुलाबी कवच पिठूळ, मळकट पांढरं झालेलं असतं. मग दाढीचं कोरं ब्लेड काचेशी साधारण पंचेचाळीस अंशांत धरून एकाच दिशेने ओढायचं. काच ओली ठेवायची, ब्लेडला गंज दिसला की फेकायचं, आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर अंतरावर ब्लेड थांबवायचं. सिलिकॉनच्या सांध्यांना फक्त नायलॉनचा ब्रश. तिथे ब्लेडचं टोक एकदा घुसलं तर ती टाकी कधी गळेल याचा नेम राहत नाही. एक बाजू झाली की टाकी वळवायची आणि पुन्हा तेच. पंप आणि स्किमर सुटे करून व्हिनेगर घातलेल्या पाण्याच्या बादलीत तासभर चालवले की आतला थर निघून येतो.

घाई असलेले लोक इथे संडास साफ करण्याच्या ॲसिडकडे वळतात. हायड्रोक्लोरिक आम्ल काम लवकर करतं, यात शंका नाही. पण त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करते, आणि घरगुती बाटल्यांत रंग, सुगंध, फेस आणणारे पदार्थ मिसळलेले असतात. फेस आणणारा कोणताही पदार्थ माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. साबण, डिटर्जंट, भांड्यांचा जेल हे सगळं त्यातच आलं. व्हिनेगरला दोन तास जास्त लागतात, एवढाच त्याचा दोष.

सजीवांसाठी ब्लीच. घरगुती हायपोक्लोराइट ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, असं द्रावण टाकीत अर्धा तास फिरवलं तर बहुतेक जंतू, शेवाळ आणि परजीवी मरतात. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येता कामा नयेत. आम्ल आणि हायपोक्लोराइट मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. आधी व्हिनेगर, मग भरपूर पाण्याने धुणं, एक दिवस वाळवणं, आणि त्यानंतर ब्लीच. शेवटी पुन्हा धुऊन, दुकानदार ज्याला ‘हायपो’ म्हणतात त्या सोडियम थायोसल्फेटने उरलेलं क्लोरीन मारायचं आणि टाकी काही दिवस कडकडीत वाळवायची. मायकोबॅक्टेरियम क्लोरीनला फारशी दाद देत नाही. सत्तर टक्के अल्कोहोलने पुसलेली काच त्याच्याबाबतीत अधिक भरवशाची. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ते काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करायचं.

मोरचुदाचा माग

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं सर्वांत जुनं आणि आजही चालणारं औषध तांबं आहे. त्याचं मूळ रूप म्हणजे कॉपर सल्फेट, आपलं मोरचूद. उपचाराच्या टाकीत आयनिक तांब्याचं प्रमाण लिटरला साधारण 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ठेवतात. तेवढ्यात परजीवी मरतो आणि मासा तगतो. पण कोळंबी, खेकडे, गोगलगायी, समुद्रफुलं आणि प्रवाळं यांना त्याहून कितीतरी कमी मात्राही सोसत नाही. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य स्वतः तांब्यावर आधारलेलं असतं, तरीही पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं तिच्या कल्ल्यांचं काम बंद पाडतं. त्यामुळे जुनी टाकी घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: हिच्यात कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का?

या प्रश्नावर हौशी लोकांत दोन टोकं दिसतात. एक बाजू म्हणते, तांबं पडलेली टाकी कायमची बाद. दुसरी म्हणते, धुतली की संपलं. दोन्ही बाजू एक फरक विसरतात, तो म्हणजे तांबं कशाला धरून बसतं. काच तांबं शोषत नाही. चुनखडीचा खडक आणि प्रवाळवाळू मात्र ते घट्ट धरतात. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगायची गरज नाही: बोर्डो मिश्रणात मोरचुदाला चुना जोडला की तांबं पानावर बसून राहतं आणि थोडं थोडं सुटत जातं, म्हणून तर ते पावसातही काम करतं. टाकीतल्या चुनखडीच्या खडकाचंही तसंच आहे. औषध देताना तो तांबं गिळतो आणि पुढे पाण्याची आम्लता जराशी वाढली की ते सोडायला लागतो. म्हणून निकाल सोपा आहे. तांबं पडलेल्या टाकीचा खडक आणि वाळू घेऊच नये. काच घ्यावी, व्हिनेगरने धुवावी, सिलिकॉनच्या कडांवरचा थर ब्रशने काढावा, मग टाकीत पाणी भरून आठवडाभर ॲक्टिव्हेटेड कार्बन चालवावा आणि तांब्याच्या टेस्ट किटने तपासावं. किटमध्ये खूण दिसली तर पाणी बदलून पुन्हा तेच. शंका फिटत नसेल तर ती टाकी फक्त माशांसाठी ठेवावी. एखादी गोगलगाय सोडून ‘जगते का बघू’ म्हणणारा सल्ला अनेकदा कानावर येतो. एका किटचे पैसे वाचवण्यासाठी एका जिवाला पणाला लावणं हे मला कोणत्याही हिशेबात बसत नाही.

खडकाचं काय करायचं

पोत्यातला ‘रॉक’ विकणारा फुकटात द्यायला तयार असतो, आणि नेमका तोच सर्वांत अवघड भाग असतो. आधी कायद्याची बाजू. खडक बांधणारी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. सुकलेल्या टाकीतून निघालेला पांढरा, फांद्यांचा, मेंदूसारख्या वळ्यांचा तुकडा हा संरक्षित जिवाचा सांगाडा असतो. तो शोभेचा दगड म्हणून घेण्या-देण्याची गोष्ट उरत नाही. महाराष्ट्राला हे परकं नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळं आहेत आणि 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या मोलाच्या ठेव्यांत ती गणली जातात. असा तुकडा टाकीसोबत येत असेल तर तो न घेणं हाच योग्य मार्ग. सिरॅमिकचे आणि सिमेंट-चुन्याचे तयार केलेले कृत्रिम खडक बाजारात मिळतात. काही महिन्यांत त्यांच्यावरही तेच जिवाणू आणि तेच गुलाबी शेवाळ वसतं.

दुसरी बाजू आरोग्याची. खडक निर्जंतुक करायला तो उकळावा, हा सल्ला वरकरणी समंजस वाटतो. हा सल्ला जिवावर बेतू शकतो. खडकावर झोअँथिड हे बटणासारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव वाढलेले असतील, तर त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असतं. 1971 साली हवाईतल्या अशाच एका जिवातून ते वेगळं काढलं गेलं, आणि निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत तीव्र विषांत त्याची गणना होते. उष्णतेने ते नाहीसं होत नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर त्याचे कण हवेत पसरतात. खडक उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे अख्खं कुटुंब ताप, धाप आणि अंगदुखीने रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. खडक उकळायचा नाही, कोरडा घासायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही. शंका असेल तर सरळ सोडून द्यायचा.

जुनी वाळू तर कधीच घेऊ नये, असं मी म्हणेन. जाड थराच्या खाली प्राणवायू पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि वाळू ढवळली की सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. शिवाय आधीच्या मालकाने घातलेल्या खाद्याचं फॉस्फेट तिच्यात मुरलेलं असतं. नवी टाकी लावून महिनाभरात हिरवं-तपकिरी शेवाळ माजलं, तर दोष बहुधा त्या फुकट मिळालेल्या वाळूचा असतो.

पाण्याचं वजन, काचेची सांधणी

चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी म्हणजे 9 घनफूट, सुमारे 255 लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम क्षार असल्याने एवढं पाणी साधारण 260 किलो भरतं. 10 मिलिमीटर काचेची टाकी स्वतः पन्नास किलोच्या घरात. स्टँड, सम्पमधलं पाणी आणि खडक धरले की चारशे किलोंचा आकडा सहज ओलांडतो, आणि हा भार जेमतेम सहा चौरस फुटांवर येतो. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 200 किलोंच्या आसपासचा भार धरतात. तो संपूर्ण खोलीभर पसरलेला धरलेला असतो, त्यामुळे एक टाकी ठेवली की स्लॅब खचतो असं नव्हे. पण टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवणं, आणि जुन्या चाळीत किंवा गॅलरीच्या छज्ज्यावर ती न ठेवणं, एवढी काळजी हवीच. मोठी टाकी असेल तर इमारतीच्या इंजिनीअरला विचारावं.

काचेवरचा दाब टाकीच्या लांबीवर ठरत नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. म्हणून उंच आणि अरुंद जुन्या टाकीकडे जास्त बारकाईने पाहायचं. सिलिकॉनची कड नखाने दाबून बघायची: सुटी होते का, पिवळी-ठिसूळ झाली आहे का, सांध्यात हवेचे फुगे दिसतात का. गळक्या जागी वरून नवं सिलिकॉन चोपडणं हा फुटपाथवरचा नेहमीचा उपाय, आणि तो टिकत नाही, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. टाकी खरोखर गळत असेल तर काचवाल्याकडून सगळ्या काचा सुट्या करून, जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, ॲसिटोनने पुसून नव्याने सांधून घ्यावी. सिलिकॉन बुरशीविरोधी औषध नसलेलंच घ्यायचं. न्हाणीघरासाठी विकतात त्यात ते औषध असतं. चाचणी घराबाहेर, सपाट जागी, गोड्या पाण्याने करायची आणि कडेकडेने वर्तमानपत्राचा कागद पसरून दोन-तीन दिवस तशीच ठेवायची. कागद ओला झाला की उत्तर मिळालं.

विजेच्या सामानात काटकसर करू नये. जुना हीटर, तडा गेलेल्या वेष्टनाचा पॉवरहेड, मिठाने गंजलेला प्लग हे सरळ बाद. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. टाकीच्या जोडणीवर 30 मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडतं. कोकण-मुंबईच्या उन्हाळ्यात चिलर लागतोच; जुना चिलर घ्यायचा तर त्याच्या आतली नळी टायटॅनियमची आहे याची खात्री करायची. साध्या पाण्यासाठी बनवलेल्या यंत्रात तांब्याची नळी असते, आणि मग इतकं करून बाहेर काढलेलं तांबं मागच्या दाराने परत येतं.

मासे नसलेले दोन महिने

स्वच्छ टाकी मासे जगवायला तयार झालेली नसते. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. जिवाणूंची एक फळी त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. या दोन्ही फळ्या जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असल्याने तिथे अमोनियाचा विषारी अंश गोड्या, उदासीन पाण्याच्या मानाने दहापटीहून जास्त असतो, म्हणून इथे घाईला माफी नाही. पाणी आरओचं, त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं कृत्रिम मीठ. 255 लिटरला सुमारे 9 किलो. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी टाकीत घेण्यासारखं नाही. अमोनियासाठी कोळंबीचा छोटा तुकडा किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचा अमोनियम क्लोराइड घालायचा. बाजारातला नवसागर रासायनिकदृष्ट्या तोच, पण त्याच्या शुद्धतेची हमी नसते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मग पहिला मासा.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. जुन्या टाकीचा फायदाच हा की तिच्यात जिवाणू आधीच वसलेले असतात. मग सगळं मारून पुन्हा शून्यापासून कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते एकाच परिस्थितीत लागू पडतं. टाकी चालू असताना पाहिली, तिच्यातले मासे निरोगी दिसले, तांबं पडलेलं नाही हे मालकाने खात्रीने सांगितलं, खडक कृत्रिम किंवा कायद्याने निर्धोक आहे, आणि तो काही तासांत ओला आणता येतो, तर तो मारू नये. टबात खारं पाणी, पॉवरहेड आणि योग्य तापमान देऊन तो वेगळा ठेवावा, अधूनमधून अमोनिया द्यावा आणि साधारण अडीच महिने त्यात एकही मासा सोडू नये. मासा न मिळाल्याने परजीवी उपाशी मरतात आणि जिवाणू टिकून राहतात. पण आठवडाभर गच्चीवर सुकलेला खडक ‘सायकल झालेला’, म्हणजे जिवाणू वसलेला, म्हणून विकला जातो, तेव्हा त्यात मेलेले जीव असतात, पाण्यात पडताच सडणारे.

मग टाकी ठेवायचीच कशाला?

मूळ प्रश्न टाळून चालणार नाही. समुद्रातून जीव उचलावे लागतात, वीज जळते, तर हा छंद असावाच का? माझं उत्तर असं. पैदास केलेले क्लाऊनफिश, कृत्रिम खडक आणि वापरलेली काच यांवर उभी राहिलेली टाकी समुद्राकडून जवळजवळ काही मागत नाही. मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयातल्या काचेपुढे मुंबईतल्या कितीतरी मुलांनी समुद्राच्या पोटातलं जग पहिल्यांदा पाहिलं. जे पाहिलेलं असतं त्याच्यासाठी भांडावंसं वाटतं. छंदावर बंदी घालण्यापेक्षा त्याची सवय बदलणं अधिक परिणामकारक आहे, आणि जुनी टाकी सावकाश, नीट वापरणारा माणूस ती सवय आधीच बदलत असतो.

ही जबाबदारी टाकी मोडतानाही संपत नाही. 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा हे टाकीतलं शेवाळ वाढलेलं आढळलं आणि पुढे भूमध्य समुद्राचा मोठा तळ त्याने व्यापला. कॅलिफोर्नियाच्या खाजणात ते 2000 साली दिसलं तेव्हा ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून त्याचा नायनाट करावा लागला. आपल्याच हिंदी-प्रशांत समुद्रातला लायनफिश 1980च्या दशकात फ्लोरिडाजवळ दिसू लागला, तो टाक्यांतून सुटलेला असावा असं मानलं जातं, आणि आज तिथल्या प्रवाळभिंतींवर तो उपद्रवी आहे. म्हणून टाकीचं पाणी, वाळू, शेवाळ, जीव यांतलं काहीही खाडीत, समुद्रात किंवा विसर्जनाच्या तलावात जाता कामा नये. पाणी ब्लीच करून गटारात, वाळू-शेवाळ वाळवून कचऱ्यात, आणि जिवंत मासे दुसऱ्या हौशी माणसाकडे किंवा दुकानदाराकडे.

या सगळ्याचं सार काढलं तर जुन्या टाकीच्या व्यवहारात काच सहज हात बदलते आणि माहिती मागे राहते. खरेदीदाराला जे दोन-तीन महिने खर्चावे लागतात, त्यातला मोठा भाग या न मिळालेल्या माहितीचा दंड असतो. तो टाळणं विकणाऱ्याच्या हातात आहे. टाकी विकताना एका कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: कोणती औषधं कधी पडली, शेवटचा रोग कोणता आला, खडक आणि वाळू कुठून आणली, टाकी केव्हापासून कोरडी आहे. दुकानदारांनी वापरलेली टाकी ठेवताना हा कागद मागावा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावा. याला पैसे पडत नाहीत. या दिवाळीत ज्यांच्या माळ्यावरून टाकी खाली उतरेल, त्यांनी भाव ठरवण्याआधी तो कागद लिहावा. पुढच्या घरात त्या काचेआड येणाऱ्या जिवांसाठी त्यांना करता येण्याजोगी ती सर्वांत मोठी गोष्ट आहे.